आयुधपूजेला चाललेलं लेथ

बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या त्या अक्का माझी प्रदूषणविरोधी पत्रकं वाचत नाहीत, त्यांवर चहाचा पेला ठेवतात. “सरी, बरं, पुढं बोल,” म्हणतात आणि हातातला सुटा भाग टेबलावर वाजवून त्याचा आवाज ऐकत बसतात. पेट्रोल स्कूटरचे भाग बनवणारं त्यांचं वर्कशॉप ऑर्डरींअभावी बंद पडायला आलंय. विजेच्या स्कूटरचं काम धरा, हा धोशा माझाच.

शेवटी त्यांनी ऐकलं, तर विजेच्या स्कूटरच्या एका कंपनीनं त्यांनी बनवलेल्या भागाचा नमुना किरकोळ फरकासाठी परत पाठवला. नवा हवा होता आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दुसऱ्याच सकाळी! जाहिरातीत हिरवी पानं छापायची आणि लहान कारखान्यांना असं नाचवायचं. मी भडकलो, “मुदत वाढवून मागा!”

“स्वल्प थांब,” अक्का म्हणाल्या.

पूजा झाली, कोहळा फुटला. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी असते. कामगार प्रसाद घेऊन निघाले, तेवढ्यात अक्कांनी लेथ यंत्रावरचा हार उतरवला आणि बटण दाबलं.

“अक्का, आज मशीन चालवायचं नसतं!” म्हातारा फिटर ओरडला.

“मग पूजा कशाला केली? बंद पडावं म्हणून?”

फिटर पुटपुटत राहिला, पण मापं घ्यायच्या कॅलिपरवरचं कुंकू पुसून अक्कांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.