टाकीतलं शिळं पाणी

नातवंडांनो, तुमच्या बेटावर मी संक्रांतीनंतर आले आणि मृग लागायच्या आत परतले. गावी, भूमला पोचल्यावर जो भेटेल तो एकच विचारी, समुद्र कसा आहे? मी सांगत असे, समुद्राला वास येतो. यात खोटं काही नव्हतं. लाटांबरोबर तपकिरी शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर येऊन कुजत. नासक्या अंड्यांचा तो वास थेट देवघरापर्यंत येई, आणि तुमच्या आईची चांदीची निरांजनं घासून ठेवली तरी काळी पडत. लोकांना हे आवडत नसे. त्यांना निळा समुद्र हवा होता.

तुम्ही तिथं वाढलात, म्हणून तुम्हाला त्यात नवल वाटत नाही. चहूकडे पाणी, आणि घरात यायचं ते छपरावरून. पांढरं रंगवलेलं छप्पर, त्याला चारी बाजूंनी पन्हळ, आणि दिवाणखान्याच्या फरशीखाली टाकी. पाऊस लांबला की तुमचे बाबा झाकण उचलून आत डोकावत आणि लगेच अंघोळीची बादली अर्ध्यावर आणत. साबण लावताना नळ बंद करायचा, हे तुम्हा दोघांना अक्षरओळख व्हायच्या आधी येत होतं. उताराखालच्या हॉटेलात मात्र भर दुपारी हिरवळीवर कारंजी उडत, आणि न्हाणीघरात पाटी होती: पृथ्वी वाचवा, टॉवेल दोनदा वापरा. पर्यटकांचं जहाज सकाळी येई, दिवसभर बंदरात धूर सोडी आणि संध्याकाळी ‘बेट वाचवा’ छापलेले टी-शर्ट घेऊन निघून जाई. हवामानबदलाच्या एका सभेला तुमचे बाबा मला घेऊन गेले. जग तापत चाललं आहे, हे मी तिथं शाल गुंडाळून ऐकलं, इतका त्या सभागृहात गारठा होता.

हे सगळं मी शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढं पाणी असून प्यायला नसेल, तर आपलं भूम काय वाईट?

भूमचं काय वाईट, ते तुमच्या आईला माहीत होतं. एकदा मे महिन्यात ती तुम्हाला घेऊन आली, तेव्हा तुमच्या डोक्याला शाम्पू लागलेला असताना पाणी संपलं. ती तुम्हाला तशीच पुण्याला, तिच्या माहेरी घेऊन गेली. पुढं तिनं स्पष्ट सांगितलं: उन्हाळ्यात पुरेल एवढं पाणी घरात असेल, तरच मुलांना आणीन. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही.

म्हणून मी टाकी बांधली. घराखाली पाणी नको, वास्तूला चालत नाही, असं गवंडी म्हणाला. तेव्हा अंगणात बांधली. छपराच्या पन्हळीतून पावसाळ्यात ती काठोकाठ भरली. मी त्यातला तांब्यासुद्धा उपसला नाही. झाकण उचलून डोकावायची सवय मलाही लागली.

आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आपल्याकडे अन्न शिळं होतं तसं पाणीही शिळं होतं. नळ आला की पहिलं काम म्हणजे भरलेले हंडे, कळश्या, बादल्या गटारात ओतायच्या आणि ताजं भरून घ्यायचं. मग नळ पुन्हा आठवडाभर येत नाही, आणि तेच हंडे डोक्यावर घेऊन बायका नगरपरिषदेवर मोर्चा नेतात. मोर्चात मीही होते. माझ्या शेजारच्या बाईनं आपला हंडा सकाळीच ओतला होता.

पुढच्या मे महिन्यात, तुम्ही यायच्या आठवड्यात मला एका लग्नासाठी कळंबला जावं लागलं. परतल्यावर एसटी स्टँडवरून चालत आले तर आमची गल्ली सडा घातल्यासारखी ओली. एकाची मोटारसायकल धुऊन चमकत होती. अंगणात जाऊबाई पदर खोचून उभ्या होत्या, आणि टाकीचं झाकण बाजूला पडलं होतं.

“अक्का, नळ आला म्हणून टाकी उपसून घासून काढली. पावसाळ्यापासनंचं शिळं पाणी, पोरांना कसं द्यायचं?”

“आणि नळ?”

“गेला की. पर जेवढं आलं, तेवढं ताजं हाय.”

मी आत वाकून पाहिलं. तळ ओला होता. त्यांचे हात कोपरापर्यंत काथ्यानं घासून लाल झाले होते, त्यामुळं मी फक्त झाकण जागेवर बसवलं.

तुमच्या आईला मी फोन केला नाही. टँकर सांगितला. कुठल्याशा शेतातल्या विहिरीचं पाणी, रंगानं हिरवट, आणि पाइपातून सोबत एक बेडूकही आला. जाऊबाईंनी ओंजळीत घेऊन पाहिलं आणि समाधानानं मान हलवली, कारण ते आजचं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. साबण लावताना नळ बंद करत अर्ध्या बादलीत अंघोळ उरकलीत, आणि तुमची आई प्रथमच महिनाभर राहिली. परत गेल्यावर तुम्ही वर्गात सांगितलंत म्हणे, की आमची आजी उन्हाळाभर छपरावरच्या पावसावर राहते. बाईंनी कौतुक केलं. ते पाणी पावसाचं नव्हतं. पावसाचं तुम्ही यायच्या आधी रस्त्यावर वाहून गेलं होतं. वर्गात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण आईला एवढ्यात सांगू नका. येत्या मे महिन्याची तिकिटं अजून काढायची आहेत.