वेंडलला एकदा हाकला हो!

आमच्या वेंडल टकेटनं उभ्या हयातीत कुणावर आवाज चढवला नव्हता. वीसेक वर्षं तो बेसबॉलच्या लहानसहान संघांत कॅचर होता, म्हणजे फलंदाजामागं उकिडवा बसून चेंडू झेलणारा. शर्ट वाळतो न वाळतो तोच दुसऱ्या गावची बस पकडायची! गुडघे गेल्यावर तो प्रशिक्षक झाला आणि फिरत फिरत आयोवातल्या आमच्या मक्याच्या गावी संघाचा मॅनेजर म्हणून आला. मी संघाचे कपडे धुते.

त्या ऑगस्टात आमची पोरं हरण्यात पटाईत झाली होती. मालकीणबाई डॉटी कडाडल्या, “पोरं झोपा काढतायत, वेंडल! उद्या पंचाशी असा भांड, की त्यानं तुला हाकललंच पाहिजे. नाहीतर मी हाकलते, कायमचं!”

पोरं पेटावीत म्हणून मॅनेजरनं मुद्दाम हाकलून घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पण दुसऱ्या दिवशी पंच निघाला लॉनी प्रुइट, वेंडलचा जुना दोस्त.

“आंधळा आहेस का रे?” वेंडल धावत जाऊन ओरडला.

“नवा चष्मा केलाय. तुझे गुडघे काय म्हणतात?”

“तुझ्या बायकोचा केक म्हणजे नुसती वीट!”

“हळू बोल. ती आलीय सामन्याला.”

वेंडलनं चिडून फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या होम प्लेटवर लाथेनं माती उडवली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आणि हा कॅचर गडी! सवयीनं खाली बसला आणि बाहीनं ती पांढरी फळी लख्ख पुसून काढली. सगळं मैदान खो खो हसत सुटलं. आमची पोरं तर पोट धरून लोळत होती.

वेंडल रडकुंडीला आला. “लॉनी, पाया पडतो, हाकल मला. नोकरी जाईल रे!”

लॉनीनं एक उडी मारली, खांदा निखळेल असा हात फिरवला आणि गरजला, “चालता हो!”

हाकललेल्या मॅनेजरला सामना बघायचीही बंदी. तो प्रेक्षकांच्या बाकांखालच्या माझ्या धुण्याच्या खोलीत टोपलीवर येऊन बसला. डोक्यावर प्रेक्षकांचे पाय दणाणत होते.

“वर्ना, आपली मारतायत की त्यांची?”

“आपलीच! त्यांच्यासाठी कोण एवढं नाचेल?”

हसून हसून पोरांचे हात मोकळे झाले होते. जिंकलो! मी ओले मोजे हातात घेऊनच नाचले. डॉटीबाई धापा टाकत आल्या.

“पुढच्या वर्षीही तूच, गाढवा!”

वेंडल हसत होता, रडतही होता. म्हणाला, “वर्ना, प्रत्येक गावानं मला हाकललंच. पण हाकलल्यावर राहा म्हणणारं गाव हे पहिलंच गं.”