मुरबाडचा बंगला

हे गेले त्याला दीड महिना झाला. शेणव्याच्या आमच्या घरून शहापूरच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच... डोकं माझ्या मांडीवर होतं. चाळीस मिनिटांचा रस्ता, तोही पुरा झाला नाही.

मधुकर, माझे यजमान, मुरबाडजवळ मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर राखणदार होते. शेठ वर्षातून दोनदा यायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहापूरच्या शाळेतले ह्यांचे मित्र पुन्हा भेटले. सुहास कल्याणला हृदयाचा डॉक्टर, दुसरा बिल्डर, तिसरा मोठ्या कंपनीत साहेब. भावाचा शर्ट घालून हे त्यांच्यात जेवायला गेले आणि "तू काय करतोस?" म्हटल्यावर बोलून बसले, "मुरबाडला बंगला बांधलाय." घरी आले ते तांब्याभर पाणी प्यायले. "कोण येतंय गो बघायला!" मला म्हणाले, पण स्वतःलाच समजावत होते.

पण ते आले. एका रविवारी, तिघंही, बायकांसकट. आदल्या दिवशी हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायको माहेरी गेली असं सांगीन. तू फक्त वाढशील ना?" मी हो म्हटलं. भीती मलाही होतीच, नोकरी गेली तर खायचं काय.

कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या आणि भात केला. वाढताना डॉक्टरांच्या बायकोनं सहज विचारलं, "बाई, किती वर्षं आहात इथे?" मी म्हटलं, "धा वर्सं झाली." आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांनी घेतला आणि चेहरा पांढरा पडला. शेठ निघाले होते, कल्याण मागे टाकलं होतं. "चला, भातसा धरण दाखवतो," असं म्हणत ह्यांनी सगळ्यांना जवळजवळ हाकलून बाहेर काढलं. शेठ शाकाहारी. मी खिडक्या उघडल्या, ताटं घासली, फरशी दोनदा पुसली, तरी रश्श्याचा वास जाईना. शेठ आले, दारातच थांबले, हुंगलं... आणि काही न बोलता वर गेले. ते न बोलणंच ह्यांना पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं.

मग फोनची रिंग ऐकली तरी हे दचकायचे. मित्रांकडे जाणं सोडलं. छातीत दुखायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर भाऊजींकडे जाऊ."

"तो घरी यील. हे घर बघंल," म्हणाले. पित्ताच्या गोळ्या घेत राहिले. असं दोन महिने चाललं.

तेराव्याला डॉक्टर आले. सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी."

मी विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

"त्याच दिवशी कळलं. तुम्ही न विचारता त्याच्या भातावर ताक घातलंत, आणि त्याचा पहिला घास होईपर्यंत तिथेच उभ्या राहिलात. आम्ही तिघंही गप्प बसलो. वाटलं, तो आपणहून सांगेल... छातीत दुखतंय हे तरी तुम्ही कळवायचं होतं."

त्यांचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता. माझ्याच हातानं लिहिलेला.

चहा ठेवते म्हणून मी आत आले. पुढे ते काय विचारतील, ह्या भीतीनं पार आटून जाईपर्यंत चहा उकळत ठेवला.