गोफ आणि प्रमुख पाहुणे

"मॅडम, पाहुण्यायकडे पोरायची पाठ काहून येऊन राहिली?"

रंगीत तालीम सुरू होती. प्रश्न मुख्याध्यापक वानखडे सरांचा.

"सर, हा गोल आहे. कोणाची तरी पाठ येणारच."

"मंग अर्धा गोल करा ना!"

मी अमरावतीहून अकोल्याला येऊन-जाऊन शाळांमध्ये जुने सामूहिक नाच शिकवते. फुगडी, टिपऱ्या, गोफ. गोफात वर एका आकड्याला रंगीत पट्ट्या बांधतात. प्रत्येक मुलाच्या हातात एका पट्टीचं टोक. निम्मी मुलं एका दिशेने जातात, निम्मी उलट दिशेने. एकाच्या आतून, पुढच्याच्या बाहेरून. नाचता नाचता वर वेणी विणली जाते. मग त्याच वाटेने मागे जाऊन ती सोडवायची. एकाने वाट चुकवली की गाठ. अर्ध्या गोलात हे होत नाही. सरांच्या हातात पट्टी देऊनसुद्धा समजावलं.

"पाहा बुवा. फसलं तर पुढच्या वर्षी पिच्चरच्या गाण्यावर रेकॉर्ड डान्स. पालकायले तेच पायजे. मंग तुमचा तास..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. पुरं करायची गरज नव्हती.

शाळेच्या स्नेहसंमेलनात वेणी अर्धी होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग पाहुण्यांसमोर येणारं प्रत्येक मूल गर्रकन वळून, त्यांच्याकडे तोंड करून, आडवं सरकू लागलं. आत कोण, बाहेर कोण, कोणालाच कळेना. गाठ बसली. गाणं चालू, नाच बंद.

"वळू नका!" मी विंगेतून म्हणाले.

चौथीतली समृद्धी स्टेजवरूनच ओरडली, "पण सरनं सांगतलं ना, पाहुण्यायले पाठ दाखवाची नाही!"

म्हणजे माझ्यामागे सरांनी स्वतंत्र तालीम घेतली होती. सभागृह हसत होतं. सर पहिल्या रांगेत छताकडे बघत होते.

"आता माझं ऐक," मी समृद्धीला म्हणाले. "आलात त्याच वाटेने मागे."

"पाठ दाखवून?"

"खुशाल दाखव."

पोरीने सूत्रं हातात घेतली. "ए अंशू, माह्या खालून जाय! पुढं नाही, मागच्या वाटेनं! कुणाल, हालू नको रे!" गाठ सुटली, मग वेणीही सुटली. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात सर माइकवर पोचले.

"गाठ पाडून ती सोडवण्याचा हा विशेष प्रकार आमच्या मार्गदर्शनाखाली बसवण्यात आला."

माझा तास टिकला. पुढच्या वर्षीही गाठीसकटच बसवा, असा सरांचा आग्रह आहे.

लहान मुलं सांगितलेलं तंतोतंत करतात. म्हणून त्यांना सांगणारा माणूस एकच असावा.