बिलीच्या शेजाऱ्याचे गुडघे

किस्से मी जमवत नाही, ते आपोआप साठतात. घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात ना, तसे. ग्लासगोतल्या आमच्या मराठी मंडळींत कुणी डॉक्टर, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. मी आपला एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच. बॉलशी माझा संबंध नाही. पोरांच्या मांड्या, पाठ आणि दम, एवढंच माझं खातं. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे दिवसभर नक्की काय करता?"

तेवढ्यात माझी बायको मंजिरी उठते. "मी वरण गरम करायला घेते. याचं आता तासभर चालेल."

* * *

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. नोकरी लागली तेव्हा पहिला फोन नागपूरला आईला केला.

"पोरांना बैठका काढायला लावतो, असं म्हण ना," आई म्हणाली. "त्याच्यासाठी एडिनबराला जाऊन एम.एस्सी. करून राहिला होता का तू?"

कॉलनीत मात्र तिनं "मिलिंद तिकडे कॉलेजात आहे" एवढंच सांगितलं आणि लोकांनी मला परस्पर प्रोफेसर करून टाकलं. मीही अजून कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही.

* * *

आमचा हेड कोच बिली. साठीचा, तोंडानं फटकळ, तरुणपणी स्वतः खेळलेला. त्या खेळण्यात दोन्ही गुडघे कामातून गेलेले. वाकता येत नसे, तरी लेसवाले बूटच घालायचा. बिनलेसचे बूट रिटायर झालेल्यांसाठी असतात, असं त्याचं मत. लेस सुटली की तो पाय बाकावर ठेवून हवामानाबद्दल बोलायला लागायचा. जवळ जो असेल त्यानं समजून बांधायची.

पहिल्या दिवशी हात मिळवून झाल्यावर माझं पहिलं काम तेच. गाठ मारून मी वर पाहिलं तर तो म्हणाला, "फुटबॉल बॉलनं खेळतात बाबा, लोखंडानं नाही."

माझं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं. पुढं ठेवायचं की नाही, हे कॉलेजची समिती बिलीला विचारून ठरवणार होती. आमचा व्हिसा त्याच नोकरीवर, म्हणजे आम्ही ग्लासगोत राहणार की बॅगा भरणार, हे या माणसाच्या तोंडावर अवलंबून. मला त्याची धास्तीच होती.

* * *

मी पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. जिमची किल्ली सापडेना, म्हणून टीमला कॉरिडॉरमध्ये उभं करून बैठका काढायला लावल्या. किती? नागपूरच्या आखाड्यात नव्या पोराला शंभर सांगायचे, मीही शंभर सांगितल्या. पोरांनी हसत हसत काढल्या. दोन दिवसांनी मॅच आहे, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं.

मॅचच्या सकाळी आमचे अकराच्या अकरा खेळाडू लायब्ररीच्या जिन्यावरून कठडा धरून, उलटे, एकेक पायरी उतरत होते. मांड्या इतक्या धरलेल्या, की सरळ उतरवेना. खाली बिली उभा.

"क्रेग," त्यानं कॅप्टनला शांतपणे विचारलं, "आज मॅचही उलटीच खेळायची ठरली आहे का?"

तीन गोलनं हरलो. त्यानंतर आठवडाभर बिलीनं माझ्याकडून लेससुद्धा बांधून घेतली नाही.

* * *

मग मी आहाराकडे वळलो. प्रत्येकाला वही दिली, जे खाल ते लिहा. आमचा गोलकीपर स्टुअर्ट आजीकडे राहायचा. "होमवर्क आहे" म्हणून त्यानं वही तिच्याच हातात दिली.

वही सुंदर अक्षरात भरून आली. "सोमवार. पॉरिज, दोन अंडी, सफरचंद." खाली लाल पेननं, "दिलं. खाल्लं नाही." मंगळवार. "ब्रोकोली. कुत्र्याला घातली. मी पाहिलं." रविवारच्या पानावर स्टुअर्टचं नावच नव्हतं. फक्त, "कुत्र्याची तब्येत छान आहे."

* * *

मला मोजायची सवय मराठीत. एक, दोन, तीन... टीमनंही तेच उचललं. आमचे सगळे सेट आठाचे, त्यामुळे रोज आठला थांबायचं. एका मॅचला सगळी टीम वॉर्म-अपला मराठीत ओरडत होती, तर समोरच्या टीमचा कोच वही काढून आमचे सिग्नल टिपून घेत बसला!

हिवाळ्यात एकदा मी दहाचा सेट लावला. आठ झाल्यावर स्टुअर्ट बार खाली ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "कोच, तुमच्या भाषेत पुढचे आकडे आहेत?"

* * *

त्याच सुमाराला बिली माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, निकाल लागला.

"माझा एक शेजारी आहे," तो म्हणाला. "गुडघे गेलेत बिचाऱ्याचे."

"वय?"

"माझ्याहून जरा मोठा. हट्टी आहे."

मी चिठ्ठी लिहून दिली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. पाच वेळा, रोज.

आठवड्यानं खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "शेजारी म्हणतो, तू गाढव आहेस."

"म्हणजे नीट करतायत. आता सात करायला सांगा."

फेब्रुवारीत शेजाऱ्याला खुर्ची उंच वाटायला लागली. मी जिममधलं बुटकं स्टूल दिलं. मार्चमध्ये त्याला स्टूलही नको झालं, पण ते परत काही आलं नाही. टीमसमोर मात्र बिलीचा पाय बाकावर आणि हवामानाच्या गप्पा चालूच होत्या. मीही रोज निमूटपणे लेस बांधत होतो.

* * *

जूनमध्ये समितीची मीटिंग झाली. टेबलापलीकडे तिघं, मधोमध फाईल घेऊन एक बाई. अलीकडे मी आणि बिली. घरी मंजिरीनं फोन हातात धरूनच ठेवला होता.

बाईंनी फाईल चाळली. सीझनमध्ये आम्ही जिंकलो तेवढेच हरलो होतो. त्या लायब्ररीच्या जिन्याचीही नोंद होती.

"बिली, स्पष्ट सांगा," बाई म्हणाल्या. "यांच्या कामाचा काही उपयोग झाला?"

बिली खुर्ची मागे सारून, कशालाही हात न लावता उभा राहिला. स्वतःच्या बुटाची लेस त्यानं दुसऱ्या पायानं दाबून सोडवली. मग गुडघे वाकवून सावकाश पार खाली बसला, टाचा जमिनीला टेकवून, आमच्या आखाड्यात बसतात तसा. नीट डबल गाठ मारली आणि तसाच सावकाश वर आला. टेबलाला बोटसुद्धा लावलं नाही.

"माझं जाऊ द्या," तो म्हणाला. "पण माझ्या शेजाऱ्याला हा माणूस पुढच्या वर्षीही हवाय."

बाईंनी ते फाईलमध्ये लिहून घेतलं आणि चष्म्यावरून वर बघत विचारलं, "शेजारी कुठल्या डिपार्टमेंटला आहेत?"