हातभर नजर

काल नातीसाठी काजळ धरताना एरंडेल जळल्याचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

गोवा राज्य झालं, त्या वर्षी डिचोलीच्या घरात माझी मुलगी महिन्याची होती. सासूबाईंनी असाच काजळाचा दिवा दुरूनच, दारात उभं राहून हलवला. बाळाने बघितलं नाही.

"ग्रहणात भाजी चिरलंस, म्हणान चेडवाक दिसणा नाय!" माझ्या गरोदरपणातलं ग्रहण काढून, मुलीला दिसतच नाही म्हणत त्या माझ्यावर ओरडल्या. नवरा मान खाली घालून बाहेर निघून गेला.

त्याच संध्याकाळी दूध पिता पिता ती माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे टक लावून बघत राहिली. एवढ्या लहान बाळाला हातभरापलीकडचं धूसरच दिसतं, हे पुढे नर्सने सांगितलं.

तिची नजर हातभरच होती. पण त्या डोळस घरात एकालाही हातभर जवळ येऊन बघावंसं वाटलं नाही!