उपाशी माशांची पाठवणी

ड्रेस्डेनजवळच्या एका नदीतून नाहीसा झालेला सॅमन मासा पुन्हा नांदावा, म्हणून आमचा गट दर वसंतात केंद्रात वाढवलेली पिल्लं तिथे सोडतो. आधी त्यांच्या पोटात तांदळाएवढी चिप बसवायची. ही नदी मोठ्या एल्बे नदीला मिळते तिथे पाण्यात अँटेना आहे. चिपवाला मासा तिच्यावरून गेला की नोंद होते आणि तो जिवंत समुद्राकडे निघाला हे कळतं. आठवडाभर ऑफिसात डोकं पिकवून शनिवारी मी हे काम फुकट करते, आणि त्या शनिवारची वाट बघते.

त्या वर्षी पुण्याहून आई आली होती, तिलाही नेलं. शेवटचा टब माझ्याकडे होता. चिप बसवताना माशांना भूल द्यायची म्हणून ते आदल्या दिवसापासून उपाशी होते. आईला मी एवढंच बजावलं, की टबाला हात लावू नकोस.

तिनं हात लावला नाही. डब्यातल्या पोळीच्या बारीक गोळ्या करून वरून टाकल्या. मी हातमोजे घालून येईपर्यंत निम्मी पोळी संपली होती, आणि नदीकाठच्या देवळात गेल्यासारखी ती तृप्त चेहऱ्यानं उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं म्हणणं, एवढ्या लांब जायचंय, उपाशीपोटी कुणी घराबाहेर पडतं का?

आमच्या प्रमुख बाई टबात बराच वेळ बघत राहिल्या. भरल्या पोटी भूल देता येत नव्हती, आणि पाणी तापायला लागल्यामुळे थांबताही येत नव्हतं. "आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या म्हणाल्या, "हे असेच जाऊ देत." माझा अख्खा टब बिनचिपचा नदीत गेला.

ती पुण्याला परतल्यावर दर रविवारी व्हिडिओवर एकच प्रश्न. माझे पोचले का गं? एकदा मी वैतागलेच.

"अगं आई, चिपच नाही त्यांच्यात. ते जगले की मेले, कधीच कळणार नाही."

ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू पहिल्यांदा तिकडे गेलीस तेव्हा दोन दिवस तुझा फोन नव्हता. जेवून निघालीस, एवढंच मला ठाऊक होतं. त्यावर काढले ते दोन दिवस."